मोकाट कोण, जबाबदार कोण?

बोरगाव नावाची गावं इतकी आहेत की ‘मी बोरगावची’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठलं?’ माझं बोरगाव मध्य प्रदेशात, सौंसर तहसिलीत, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. १९५६ पर्यंत आमचा छिंदवाडा जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. नंतर राजधानी भोपाळ झाली. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, दवाखाना आणि कॉलेज नागपूरला, असा आमचा संसार. गावाला औद्योगिक क्षेत्र आहे, रेमंडची गिरणी आहे, परगावचे कामगार भाड्याने राहतात. कागदावर ग्रामपंचायत, जगण्यात अर्धं शहर.

कुत्र्यांवरच्या लेखात हा भूगोल कशाला, असं वाटेल. पण प्राण्यांबद्दलचा कुठलाही नियम शेवटी ‘हे काम कोणाचं?’ या प्रश्नापाशी येऊन थांबतो. महानगरपालिकेकडे निदान पशुवैद्यक विभाग असतो. अर्ध्या शहरात कुत्री शहराएवढी असतात आणि गाडी, पिंजरा, डॉक्टर यांतलं काही नसतं.

आमच्या एकाच घरात या प्रश्नाचे दोन पक्ष आहेत. आजी रोज शेवटची पोळी दारातल्या कुत्र्याला घालते. बाबा रात्रपाळी करून सायकलने येतात आणि वळणाआधी खिशातले दोन दगड चाचपतात. आजी म्हणते, “त्याले कायदा का समजते? त्याले भूक समजते.” बाबा म्हणतात, “भूक त्याची, पोटरी माझी.” दोघांचंही खरं आहे. कायद्याने काय करायचं ते या दोन वाक्यांच्या मधे कुठंतरी आहे, आणि ते शोधायला मी हे नियम वाचायला घेतले.

एक कुत्रं, तीन नावं

आपल्या मंडळाला भाषेची आवड, म्हणून आधी शब्दांकडे पाहू. आमच्याकडे हिंदी नोटिशीत ‘आवारा कुत्ते’ असतात. मराठीत आपण ‘मोकाट’ किंवा ‘भटकी’ म्हणतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत मात्र ‘सामुदायिक प्राणी’ अशा अर्थाचा शब्द आहे. ‘आवारा’ म्हटलं की दोष कुत्र्याचा. ‘मोकाट’ म्हटलं की कुणीतरी त्याला मोकळं सोडलंय, म्हणजे दोष सोडणाऱ्याचा. ‘सामुदायिक’ म्हटलं की ते सगळ्यांचं, म्हणजे जबाबदारीही सगळ्यांची. आणि सगळ्यांची जबाबदारी नाव घालून वाटून दिली नाही तर ती कुणाचीच राहत नाही, हे आपण गावच्या विहिरीपासून कॉलेजच्या नोटिसबोर्डापर्यंत पाहत आलो आहोत.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख, मध्य प्रदेशात सुमारे दहा लाख. सीमेवरच्या कुत्र्याला राज्य माहीत नसतं. ते सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे.

जुने नियम अजून मेलेले नाहीत

मोकाट जनावरांचा सगळ्यात जुना चालू कायदा १८७१ चा आहे, गुरांच्या अतिक्रमणाचा. त्यातूनच गावोगावचा कोंडवाडा आला, आमच्याकडे त्याला कांजीहाऊस म्हणतात. तरतूद अशी: दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर कोंडायचं, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचं. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांत कळवायचं, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची. त्यानंतरच्या सात दिवसांतही कुणी आलं नाही तर लिलाव. दीडशे वर्षांनंतर दवंडी राहिली नाही आणि ट्रॅक्टर आल्यावर लिलावात भाकड गाय किंवा म्हातारा बैल घेणारं गिऱ्हाईकही उरलं नाही. त्यामुळे पोळ्याला ज्याची पूजा व्हायची, त्याच्या वंशातला गोऱ्हा आज नागपूर रस्त्याच्या दुभाजकावर बसलेला दिसतो. कायदा बदलला नाही, शेती बदलली, आणि कोंडवाड्याचं गणित कोसळलं.

दुसरा कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. त्या काळी ५० रुपये ही मोठी रक्कम होती, आज तेवढ्यात दोन प्लेट समोसेही येत नाहीत. नियम ‘अद्ययावत’ करणं म्हणजे काय, ते या एका आकड्यावरून समजतं. रक्कम तीच राहिली तर कायदा आपोआप नरम होत जातो, कुणी रद्द न करताही.

तिसरी तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेची, कलम २९१. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हाच दंड १,००० होता. लक्षात घ्या, हे पाळीव जनावराच्या मालकासाठी आहे. दारातल्या, कुणाच्याच नसलेल्या कुत्र्याला हे कलम लागू करायचं तर ‘ताबा’ कुणाचा, हाच वाद.

मारून काय होतं, ते मुंबईने पाहिलंय

‘सरळ मारून टाका ना,’ असं चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच. हा उपाय नवा नाही. ब्रिटिशांच्या मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून होता. १८३२ च्या जून महिन्यात ही मोहीम वाढवली गेली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. फोर्टात दुकानं बंद, सैनिकांची रसद अडली, सैन्य बोलवावं लागलं. मुंबईच्या इतिहासात ही कुत्र्यांची दंगल म्हणून नोंदलेली आहे. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली.

मारण्याची पद्धत मात्र पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. मुंबईत १९९४ च्या सुमारास ती थांबून नसबंदी सुरू झाली. कारण निव्वळ दया नव्हतं. इतकी वर्षं मारूनही कुत्री कमी होत नव्हती. कुत्र्याला स्वतःचा इलाखा असतो. कचरा आणि खरकटं जिथे आहे, तिथली कुत्री उचलली की जागा रिकामी होते आणि शेजारची कुत्री आत येतात. ती नवी, लस न घेतलेली, आपसात भांडणारी. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच जागी परत सोडलं तर ते जागा अडवून बसतं, पिल्लं होत नाहीत, माजाच्या काळातली भांडणं कमी होतात. हाच विचार २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत आला, आणि १० मार्च २०२३ च्या नव्या नियमांत जास्त तपशिलात आला.

या नियमांची मुख्य कलमं सोप्या भाषेत सांगते. काम स्थानिक संस्थेचं: महापालिका, नगरपालिका आणि पंचायतसुद्धा. म्हणजे आमची ग्रामपंचायतही सुटत नाही. पकडताना चिमटे आणि तारेचे फास चालणार नाहीत, हाताने किंवा जाळीने धरायचं. कुठून उचललं त्याची नोंद ठेवायची, शस्त्रक्रिया करायची, लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खूण करायची आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. खाऊ घालणाऱ्यांसाठी जागा आणि वेळ ठरवायची. ती जागा जिना, फाटक आणि मुलांची खेळायची जागा यांपासून लांब हवी. पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं वेगळं ठेवायचं.

वाचायला छान आहे. अडचण वेगाची आहे. कुत्री वर्षात दोनदा विऊ शकते. नसबंदीचा वेग पिल्लांच्या वेगापेक्षा कमी पडला तर केलेला खर्चही वाहून जातो. दहा कुत्र्यांतल्या दोघांची नसबंदी म्हणजे अर्धवट काम नव्हे, जवळजवळ न केलेलं काम.

न्यायालयात काय काय झालं

नागपूरकरांना २०२२ आठवत असेल. २० ऑक्टोबर २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खायला घालायचंय त्यांनी त्यांना रीतसर दत्तक घ्यावं, महापालिकेत नोंदवावं. रस्त्यावर खाऊ घातलं तर २०० रुपयांपर्यंत दंड. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने याला स्थगिती दिली.

मग २०२५ आलं. दिल्लीत रेबीजने गेलेल्या एका लहान मुलीच्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलैला स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. देशभर ओरड झाली. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस करून त्याच जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नका, आणि खाऊ घालायला ठरावीक जागा करा. प्रकरण दिल्लीपुरतं न राहता सगळ्या राज्यांना लागू झालं.

७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आपल्याला, म्हणजे कॉलेजवाल्यांना, थेट लागू आहे. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं इथली भटकी कुत्री हलवून निवाऱ्यात न्यायची आणि तिथेच परत सोडायची नाहीत. आवाराला कुंपण आणि फाटक हवं. देखभालीला एक जबाबदार अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव लोकांना कळेल असं लावायचं. दवाखान्यांत रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन सतत शिल्लक हवं. विद्यार्थ्यांना प्राण्यांशी कसं वागायचं आणि चावल्यावर काय करायचं ते शिकवायचं. त्याच दिवशी महामार्गांवरची मोकाट गुरं हटवून गोशाळेत किंवा निवाऱ्यात न्यायलाही सांगितलं. आमच्या नागपूर-छिंदवाडा रस्त्याला हे सगळ्यात जास्त हवंय.

इथे एक खरी गाठ आहे. नियम म्हणतो ‘त्याच जागी सोडा’, आदेश म्हणतो ‘या जागी सोडू नका’. मग न्यायचं कुठे? निवारा म्हणजे जागा, पाणी, खाणं, माणसं, डॉक्टर, आणि हे सगळं कायमचं. एका नगरपालिकेलाही ते जड जातं, ग्रामपंचायतीचं तर विचारूच नका. निवारा न बांधता कुत्री हलवली तर ती शेजारच्या गावात रात्री उतरवली जातील, आणि दोन राज्यांची सीमा ही अशा उतरवण्यासाठी अगदी सोयीची जागा.

मूळ भीती कशाची?

कुत्र्याची भीती खरं तर रेबीजची भीती आहे. जगात दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसं रेबीजने दगावतात, त्यांतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा भारताचा धरला जातो. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटना कुत्र्यामुळे होतात. लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. पण लक्षणं दिसण्याआधी योग्य उपचार केले तर मरण टळतं. हा विषाणू जखमेपासून मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे जातो. बहुतेकदा त्याला आठवडे लागतात, कधी महिने. लस त्याच्या आधी पोचली की माणूस जिंकला.

म्हणून पहिलं काम घरीच: वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुवायची. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, साबण ते फोडतो. हळद, चुना, तिखट, रॉकेल यांतलं काही नको. जखम बांधायची नाही. त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, दंडात. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. पोटातली चौदा इंजेक्शनं ही आता गोष्ट आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली, पण भीती अजून चालू आहे. कित्येक जण केवळ त्या चौदाच्या धाकाने मांत्रिकाकडे जातात, किंवा दोन डोस घेऊन ‘बरं वाटते’ म्हणून थांबतात. ‘बरं वाटणं’ ही रेबीजमधली सगळ्यात फसवी अवस्था आहे.

आणि हे जमतं याचा दाखला आपल्याच शेजारी, गोव्यात आहे. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना शिकवलं, पिसाळलेल्या कुत्र्याची खबर घ्यायला फोन ठेवला. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, असं शास्त्र सांगतं. गोव्यात कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१८ पासून पुढची तीन वर्षं माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. कुत्री संपली नाहीत, रेबीज हटला. हा फरक नियम लिहिणाऱ्याने आधी समजून घ्यायला हवा. कुत्र्यांची संख्या कमी व्हायला वर्षं लागतात. लस एका हंगामात देता येते.

मग आमच्या गावाचा नियम कसा असावा?

मध्य प्रदेशच्या पंचायत कायद्यात पंचायतीला उपविधी करायची सोय आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत कोंडवाडे आणि प्राण्यांशी क्रूरता रोखणं ही कामं नगरपालिकांच्या यादीत आहेत, अकराव्यात पशुसंवर्धन आणि आरोग्य पंचायतींच्या. अधिकार आहेत, पैसा आणि माणसं नाहीत. म्हणून मला वाटतं, नियम थोडे असावेत, पण पाळता येतील असे.

पहिला, पाळीव कुत्र्याची नोंद आणि लसीचं कार्ड. शुल्क नाममात्र ठेवावं, नाहीतर लोक नोंदच करणार नाहीत. भाडेकरू गाव सोडताना कुत्रं मागे टाकून जातात. नोंद असेल तर ते कुणाचं, एवढं तरी कळेल. दुसरा, वर्षातून एकदा गावभर लस, पाळीव आणि बिनमालकी सगळ्यांना. तिसरा, मांसविक्रीच्या दुकानांचा आणि खानावळींचा ओला कचरा झाकण असलेल्या डब्यात. इलाखा कचऱ्याने ठरतो, हे वर सांगितलंच. चौथा, खाऊ घालायची जागा आणि वेळ, रात्रपाळी सुटायच्या रस्त्यापासून लांब. पाचवा, नसबंदीसाठी आमच्यासारख्या पाच-सहा पंचायती आणि सौंसरची नगरपालिका यांनी मिळून एक गाडी आणि एक पथक. एकेकट्याने कुणालाच जमणार नाही. सहावा, गुरांच्या मालकांची नोंद, आणि दंडाबरोबर जवळच्या गोशाळेला चाऱ्याची सोय. नुसता दंड लावला तर लोक कानातला बिल्ला काढून जनावर सोडतात. सातवा, दवाखान्याच्या दारावर रोज लिहावं: रेबीजची लस शिल्लक आहे की नाही.

आणि हे सगळं हिंदीबरोबर मराठीतही छापावं. ज्या आजीने पोळी घालायची, तिला नियम वाचता आला पाहिजे.

मी हा मसुदा घरी वाचून दाखवला. बाबांना तिसरा नियम आवडला, आजीला चौथा पटला नाही. “जागा ठरवून का कुत्रं येते?” ती म्हणाली. पण मग तिनेच विचारलं, “लस कधी देतात?” आमच्या गावात २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होते. येत्या सभेत वार्षिक लसीकरणाचा मुद्दा लेखी द्यायचा, एवढं आमच्या घरातल्या दोन्ही पक्षांना मान्य झालंय, आणि अर्जावर आजीचा अंगठा पहिला आहे. तुम्ही वाचताय तिथे ग्रामसभा नसेल, पण कॉलेजच्या फाटकावर त्या जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लागलंय का, तेवढं उद्या जाताना बघा. नसेल तर विचारा.